मातीच्या ट्रॅकवरची शर्यत: शटर स्पीडआधी माती वाचायची

गाडी ताशी १६० किलोमीटरने चाललीय, फोटो लख्ख आलाय, नंबर वाचता येतोय, टायरवरची अक्षरंही दिसतायत. तो बघून समोरचा विचारतो, "उभी होती का गाडी?" शर्यतीचे फोटो काढायला लागलेल्या बहुतेकांना कधी ना कधी हा प्रश्न ऐकावा लागतो. डांबरी ट्रॅकवर त्याला उत्तर देताना जवळपास सगळा भार शटर स्पीडवर, म्हणजे कॅमेऱ्याचं शटर किती वेळ उघडं राहतं यावर असतो. मातीच्या ट्रॅकवर मात्र आणखी एक साधन आयतं मिळतं, ते म्हणजे माती. ती उडते, साचते, वाळते, चकाकते. गाडी कुठून जाणार हे तीच ठरवते, आणि गाडी किती जोरात होती हे फोटोत तीच सांगते. म्हणून कॅमेऱ्याची बटणं नंतर, आधी जमिनीकडे बघू.

असे ट्रॅक सगळ्यात जास्त अमेरिकेत. आयोवा, ओहायो, इंडियाना आणि पूर्वेला पेनसिल्व्हेनिया हे त्यातले खास पट्टे. आयोवातल्या नॉक्सव्हिल गावातला ट्रॅक अर्ध्या मैलाचा, म्हणजे सुमारे ८०० मीटरचा. तिथे १९६१ पासून दर ऑगस्टमध्ये 'नॉक्सव्हिल नॅशनल्स' ही शर्यत होते, आणि स्प्रिंट कारचं, म्हणजे मातीवर पळणाऱ्या उघड्या चाकांच्या छोट्या गाड्यांचं, राष्ट्रीय संग्रहालयही ट्रॅकला लागूनच आहे. ओहायोतला एल्डोरा १९५४ सालचा, तोही अर्ध्या मैलाचा, वळणांवर चांगला कललेला. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात तर जानेवारीच्या थंडीत एका प्रदर्शनगृहाच्या आत माती अंथरून 'चिली बोल' ही शर्यत भरते. सगळीकडे गाड्या डावीकडेच वळतात, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. फोटोग्राफरच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण गाडीची कुठली बाजू कुठून दिसणार हे आधीच ठरलेलं असतं.

इथली राणी म्हणजे स्प्रिंट कार. वरच्या वर्गात ४१० घनइंचाचं, म्हणजे पावणेसात लिटरच्या आसपासचं इंजिन, मिथेनॉलचं इंधन, सुमारे ९०० हॉर्सपॉवर, आणि ड्रायव्हरसकट वजन जेमतेम साडेसहाशे किलो. स्टार्टर नाही, नेहमीचा गिअरबॉक्स नाही. मागून ट्रकने ढकलून चालू करतात. डोक्यावर पाच फूट बाय पाच फूट पंख, हवेच्या दाबाने गाडी जमिनीला धरून ठेवणारा. उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं, त्यामुळे गाडी आपसूक डावीकडे ओढ घेते. नॉक्सव्हिलसारख्या ट्रॅकवर वेगवान फेरी १५-१६ सेकंदांत संपते. डोळा मिटून उघडेपर्यंत ती पुन्हा तुमच्यासमोर.

आता माती. चांगल्या ट्रॅकची माती चिकणमाती असते, कारण ती पाणी धरून ठेवते. शर्यतीच्या दिवशी ट्रॅकवाले तिची शेतासारखी मशागत करतात: उकरायची, टँकरने पाणी मारायचं, मग गाड्या फिरवून दाबायची. पाणी कमी पडलं तर पहिल्या तासातच धुरळा, जास्त झालं तर नुसता चिखल. वाफसा नेमका साधला की संध्याकाळी गाड्या सुटतात तेव्हा ट्रॅक काळाभोर, ओलसर आणि चिकट असतो. त्याला ते लोक 'टॅकी' म्हणतात.

टॅकी मातीवर टायर दात रोवल्यासारखे धरतात. गाड्या सगळ्यात वेगात असतात ती हीच वेळ. मुठीएवढी ढेकळं उडतात आणि मागच्या ड्रायव्हरच्या हेल्मेटवर आदळतात. हेल्मेटच्या काचेवर पातळ पारदर्शक फिल्म एकावर एक चिकटवलेल्या असतात. काच माखली की ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने वरची फिल्म फाडून टाकतो. तो हात वर गेलेला, फिल्म वाऱ्यावर निघालेली, असा क्षण मिळाला तर त्या फ्रेमला वेगाचा वेगळा पुरावा लागत नाही. वळणातून बाहेर पडताना ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबतो, तेव्हा गाडीचं वजन मागे आणि उजवीकडे झुकतं आणि पुढचं डावं चाक जमिनीपासून उचललं जातं. या टप्प्यात १/१००० (सेकंदाचा हजारावा भाग) किंवा त्याहून जलद शटर ठेवा आणि वळणातून बाहेर येणारी गाडी समोरून घ्या. हवेत तरंगतं चाक आणि मागे उधळलेली ढेकळं स्पष्ट दिसायला हवीत. इथे धूसरपणाची गरज नाही, गती माती दाखवतेच आहे.

दहा-पंधरा फेऱ्या, दोन-तीन हीट (मुख्य शर्यतीआधीच्या छोट्या फेरी-शर्यती) झाल्या की चित्र बदलतं. टायर सैल माती बाहेरच्या बाजूला फेकत राहतात आणि भिंतीपासून थोड्या अंतरावर मातीचा एक बांध तयार होतो. हा 'कुशन'. खालची, म्हणजे आतल्या बाजूची, माती मात्र घासून घासून गुळगुळीत, चकचकीत होते, ती 'स्लिक'. आता ड्रायव्हरपुढे दोन वाटा असतात: खालून जवळची पण निसरडी, नाहीतर वरून, बाहेरच्या बाजूने, लांबची पण टेकायला आधार असलेली. कुशनवर जाणारा ड्रायव्हर मागचं उजवं चाक त्या बांधावर टेकवतो आणि पाय न उचलता वळण घेतो. चाकामागून मातीचा पंखा भिंतीवर उडतो. बांध ओलांडला तर गाडी भिंतीवर, किंवा कोलांटी. माझ्या मते संध्याकाळचा सगळ्यात चांगला फोटो इथे असतो, आणि तो टिकतो थोडाच वेळ. कुशन भिंतीपर्यंत सरकला की संपलं. त्यामुळे दर हीटनंतर बांध कुठे आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे आपली जागा बदलायची. शर्यत सुरू झाल्यावर जो एकाच खांबाला चिकटून राहतो, त्याच्याकडे रात्री एकाच फोटोच्या अनेक प्रती जमा होतात.

पुढे माती आणखी वाळते, धुरळा उठतो. धुरळ्याला लोक नावं ठेवतात, पण सूर्य गाड्यांच्या मागे कलता असेल तर तोच धुरळा पेटल्यासारखा दिसतो आणि गाडीची कड उजळते. कलत्या उन्हाचा दुसरा फायदा म्हणजे ते पंखाखाली शिरतं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात पंखाच्या सावलीत ड्रायव्हर काळा ठिक्कर दिसतो. हेल्मेट, डोळे, हात काहीच नाही. कलत्या उन्हात तोच माणूस दिसायला लागतो. नवख्याने जमलं तर बिनपंखाच्या स्प्रिंट कारपासून सुरुवात करावी. पंखाचा दाब नसल्यामुळे त्या गाड्या वळणात घसरत जास्त आडव्या होतात, चाकं उलट दिशेला वळलेली असतात, आणि ड्रायव्हर उघड्यावर दिसतो.

सगळ्यात शेवटी, काही रात्री, टायरचं रबर मातीवर बसून एक काळा पट्टा तयार होतो. पकड फक्त त्या पट्ट्यावर, म्हणून सगळ्या गाड्या रांगेत. तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

आता शटर. ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४४ मीटर. १/१००० सेकंदात गाडी साडेचार सेंटीमीटर सरकते, १/१२५ मध्ये ३५-३६ सेंटीमीटर, १/६० मध्ये पाऊण मीटरच्या जवळपास. समजा तुमच्या फ्रेमच्या रुंदीत पाच मीटरचा पट्टा मावतोय आणि कॅमेरा आडवे ६००० पिक्सेल देतो. मग साडेचार सेंटीमीटर म्हणजे पन्नासच्या वर पिक्सेल. म्हणजे कॅमेरा स्थिर धरला तर आडव्या जाणाऱ्या गाडीचा १/१००० चा फोटोसुद्धा हललेला येणार! समोरून येणारी गाडी याच शटरला स्पष्ट येते, कारण ती फ्रेममध्ये आडवी सरकत नाही, फक्त हळूहळू मोठी होते. शटर स्पीडचा आकडा एकटा काही सांगत नाही. गाडी कुठल्या दिशेने जातेय हे त्याच्याबरोबर धरावं लागतं.

आडव्या गाडीसाठी उपाय म्हणजे पॅनिंग, गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. फिरण्याचा वेग जुळला तर गाडी सेन्सरवर एका जागी राहते आणि मागचं सगळं, कुंपण, जाहिराती, लोक, आडव्या रेषांत विरघळतं. चाकंही फिरलेली दिसतात. उजव्या मागच्या चाकाचा घेर १०५ इंचांच्या आसपास, म्हणजे अडीच मीटरच्या थोडा वर. १/१२५ मध्ये चाक एका फेरीचा साधारण सातवा-आठवा भाग फिरतं. एवढं पुरेसं असतं, रिमवरची नक्षी वर्तुळात मिसळते. १/१००० ला हेच चाक गोठतं आणि गाडी पुन्हा "उभी होती का?" या प्रश्नापाशी येते. सुरुवात १/५०० पासून करावी, हात बसला की १/२५०, मग १/१२५. १/६० ला दहातले नऊ फोटो फुकट गेले तरी मनाला लावून घेऊ नये.

उभं राहायची जागा इथे निम्मं काम करते. सरळ पट्ट्यालगत उभं राहिलात तर गाडी लांबून येते, जवळ येते, लांब जाते. तिचा तुमच्याभोवतीचा वेग सतत बदलतो, आणि पुढचा भाग जुळला तर मागचा हलतो. त्याउलट, परवानगी असेल आणि तुम्ही वळणाच्या आतल्या बाजूला, त्या वर्तुळाच्या केंद्राजवळ असाल, तर गाडी वळणभर तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. फोकस फारसा बदलावा लागत नाही, फिरण्याचा वेग एकसारखा, आणि गाडीची एकच बाजू तुमच्याकडे. ३० मीटरवरून सेकंदाला ३० मीटर जाणारी गाडी धरायला कॅमेरा सेकंदाला ५७ अंश फिरवावा लागतो. ऐकायला भरमसाट वाटतं, पण एकसारखं असेल तर कंबर ते शिकते. मनगट नव्हे, कंबर. पाय आधीच त्या दिशेला लावायचे जिथे फोटो घ्यायचाय, मग अंग मागे पिळून गाडी उचलायची आणि सुटत सुटत सरळ व्हायचं. बटण दाबल्यावर थांबायचं नाही.

इथे एक मातीची खास अडचण आहे. गाडी वळणात शिरताना स्वतःभोवतीही फिरत असते, मागचा भाग बाहेर निघतो. म्हणजे नाक आणि शेपूट वेगवेगळ्या वेगाने सरकतात, दोन्ही स्पष्ट येणं अवघड. म्हणून घसरण सुरू होतानाचा फोटो जलद शटरवर घ्यावा आणि घसरण स्थिरावल्यावर, वळणाच्या मध्यावर, हळू शटरचा प्रयोग करावा. स्पष्ट काय हवंच, तर हेल्मेट. ते जुळलं की शेपूट हललेली असली तरी डोळा माफ करतो.

भर उन्हात १/६० करायला गेलात की वेगळाच घोळ होतो. प्रकाश फार, म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ २२ पर्यंत बंद करावं लागतं (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान). एवढं बारीक भोक झालं की फोटो एकंदर मऊ पडतो आणि सेन्सरवरचा धुळीचा प्रत्येक कण काळा ठिपका होऊन आकाशात उगवतो. मातीच्या ट्रॅकवर हे कण असणारच. त्यापेक्षा लेन्सवर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा.

इलेक्ट्रॉनिक शटर शक्यतो बंद ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. चाकं अंडाकृती होतात, खांब तिरके होतात. हे दुखणं जुनं आहे. जाक आंरी लार्तीग या फ्रेंच फोटोग्राफरने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ग्रां प्री शर्यतीत टिपलेल्या गाडीचं चाक असंच पुढे कललेलं अंडाकृती आहे आणि कडेचे प्रेक्षक उलट दिशेला झुकलेत. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट फोटो उमटणाऱ्या काचेवरून सरकत होती आणि तो कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता, पण गाडीपेक्षा हळू. त्याचा फोटो अजरामर झाला. आपला बहुधा होत नाही.

फोकस सतत पाठलाग करणारा हवा. मधे ढेकूळ, खांब, दुसरी गाडी आली तर लगेच त्यावर उडी मारू नये, अशी सेटिंग बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांत असते. ती 'हळू' बाजूला ठेवा. फोकस मागच्या बटणावर देऊन शटरचं बटण मोकळं ठेवलं तर आणखी बरं. नवे मिररलेस कॅमेरे गाडी स्वतः ओळखतात, पण धुरळ्याचा पडदा आला की तेही गांगरतात. एक्सपोजर मात्र हातानेच ठरवा. एक गाडी पांढरी, दुसरी काळी, मागे तपकिरी माती. कॅमेऱ्यावर सोडलं तर प्रत्येक फ्रेम वेगळी उजळते.

रात्र झाली की खरी परीक्षा. ट्रॅकचे दिवे डोळ्याला भरपूर वाटतात, कॅमेऱ्याला वाटत नाहीत. एफ २.८, १/५००, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) ६४०० अशा आकड्यांवर यावं लागतं. शिवाय जुन्या प्रकारचे मोठे दिवे लुकलुकतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून ते सेकंदाला १२० वेळा मंद-प्रखर होतात. १/१००० चं शटर त्या लाटेचा चिमूटभर तुकडा उचलतं, कधी शिखर, कधी दरी. सलग तीन फोटोंत एक उजळ, एक काळवंडलेला, एक पिवळट, असं होतं ते यामुळे. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत यावर उपाय करणारं 'अँटी-फ्लिकर' असतं. नसेल तर १/१२५ वर या. तिथे जवळपास पूर्ण एक लाट पकडली जाते, आणि पॅनिंगसाठी तो आकडा हवाच होता. भारतात वीज ५० हर्ट्झची, लाटा सेकंदाला १००, म्हणून इथे १/१०० धरायचा.

फ्लॅशला परवानगी आहे की नाही हे ट्रॅकगणिक बदलतं. विचारल्याशिवाय वापरू नका. जिथे चालतो तिथे तो कमाल करतो. शटर १/२०० किंवा त्याहून हळू, पण फ्लॅशचा झोत त्याच्या कितीतरी कमी वेळाचा, म्हणून ढेकळं हवेत गोठतात. बाकीच्या वेळात दिव्यांच्या उजेडाने रेघा ओढल्या जातात. झोत शटर बंद होतानाचा निवडला तर रेघा गाडीच्या मागे येतात, नाहीतर पुढे, आणि गाडी उलटी चालल्यासारखी दिसते. फ्लॅश लेन्सच्या डोक्यावर लावाल तर जवळची धूळ उजळून फोटोभर पांढरे गोळे पडतील. तो काढून हाताच्या अंतरावर, बाजूला धरायचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे पलीकडच्या वळणाचा नाद सोडा. ड्रायव्हरने पाय उचलला की एक्झॉस्टमधून ज्वाळा निघतात. त्यांच्यासाठी फ्लॅश बंद करून वळणाच्या तोंडाशी थांबा.

जिवाचं आता. आतल्या बाजूला उभं राहायला पास लागतो, कागदांवर सह्या लागतात. ट्रॅककडे पाठ करायची नाही, बसायचं नाही, स्क्रीनवर फोटो बघत उभं राहायचं नाही, पळायची वाट आधी ठरवून ठेवायची. दुसरा डोळा उघडा ठेवायचा, कारण लांब लेन्समधून अंतर कळत नाही. एक खूण पक्की लक्षात ठेवा: गाडी फ्रेममध्ये मोठी होत चाललीय, पण तिच्यासाठी कॅमेरा फिरवावा लागत नाहीये, याचा अर्थ ती सरळ तुमच्याकडे येतेय. फोटो राहू द्या, निघा.

पास नसला तरी बिघडत नाही. प्रेक्षकांतून वरच्या रांगेत बसलात तर कुंपणाच्या वरून दिसतं. खाली असाल तर लेन्स जाळीच्या अगदी जवळ न्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, जाळी बरीचशी विरघळते. हळू शटरवर पॅनिंग करताना तर कुंपणाचे खांबही पुसले जातात. कॅमेऱ्याचं म्हणाल तर ७०-२०० मिमीची लेन्स लहान ट्रॅकला पुरून उरते. ट्रॅकवर लेन्स बदलू नका, आणि काचेवर माती उडाली तर पुसू नका, आधी फुंकणीने उडवा. त्या मातीत वाळू असते, फडक्याने घासली की ओरखडा कायमचा.

सरावाला आयोवा गाठायची गरज नाही. कुठल्याही रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी उभं राहून दुचाकींवर १/६० चा हात बसवता येतो. मातीच हवी असेल तर मंचर-चाकण पट्ट्यात बैलगाडा शर्यती होतात. वेग कमी, पण धुरळा, ढेकळं आणि उलट्या उन्हाचा हिशेब तोच. शिवाय बैलांचे पाय चाकांसारखे एकसारखे फिरत नाहीत, त्यामुळे हळू शटरवर डोकं स्पष्ट आणि पाय धूसर असा फोटो मिळाला तर तो स्प्रिंट कारपेक्षा अवघड समजावा.

निवडताना आधी हेल्मेट बघा, मग पुढची चाकं. ती घसरणीच्या उलट वळलेली असली तर फोटोत झुंज दिसते, सरळ असली तर नुसती गाडी. आणि घरी येऊन नावं लिहिताना अडकाल, कारण एकाच रात्री एकाच आकड्याच्या दोन गाड्या असू शकतात, आकड्यापुढच्या अक्षराने ओळखायच्या. चिखलाने ते अक्षरच झाकलेलं असतं. म्हणून प्रत्येक हीटआधी फलकावर लागलेल्या क्रमवारीचा एक फोटो काढून ठेवा, आणि गाड्या स्वच्छ असताना, ट्रक त्यांना ढकलत आणतो तेव्हा, प्रत्येकीचा एक साधा फोटो.